कॅलगरीतील जुन्या घराला कायदेशीर सुइट: आधी तळघर की मागचे अंगण?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडातील कॅलगरीच्या वायव्य भागात १९७०च्या दशकात बांधलेले एकमजली घर आपण घेतले आहे. तळघरात आधीच्या मालकाने झोपायच्या दोन खोल्या, न्हाणीघर आणि स्वयंपाकाचा ओटा करून ठेवला आहे, परंतु त्याचे परमिट कुठेच सापडत नाही. नागपूरहून आई-वडील सुपर व्हिसावर (पालकांसाठीच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर) येऊन राहणार आहेत आणि ते नसतील तेव्हा ती जागा भाड्याने द्यावी असा विचार आहे. हेच तळघर कायदेशीर सुइट, म्हणजे घरातले दुसरे स्वतंत्र बिऱ्हाड, करून घ्यावे, की मागच्या गल्लीला लागून असलेल्या जुन्या गॅरेजच्या जागी बॅकयार्ड सुइट बांधावे, हे ठरत नाही. त्यातच एका परिचिताने ‘इथे सगळेच असे देतात, कोणी विचारत नाही’ असा दिलासाही दिला आहे. अशा कामांचे नकाशे काढणे आणि परवान्यांचे अर्ज तयार करणे हाच माझा व्यवसाय असल्याने माझे मत आधीच सांगून टाकतो: आपल्या घरात तळघर आधी पाहावे, आणि तळघरातही ओटा, फरशी, रंग यांचा विचार करण्यापूर्वी खिडक्या, छताची उंची आणि फर्नेस (घर तापवणारे यंत्र) या तीन गोष्टी पाहाव्यात. सुइट होणार की नाही हे या तीन गोष्टींवर ठरते. पुढचे सारे गणित पैशांचे आणि वेळेचे असते.

परिचिताच्या सल्ल्याबद्दल आधी बोलतो, कारण तो वाटतो तितका खोटा नाही आणि म्हणूनच धोकादायक आहे. सुरळीत चालले आहे तोवर खरोखरच कोणी विचारत नाही. विचारले जाते ते शेजाऱ्याने पार्किंगवरून वैतागून ३११ला, म्हणजे शहराच्या तक्रार क्रमांकावर, फोन केल्यावर, भाडेकरूशी बिनसून त्याने तक्रार नोंदवल्यावर, घर विकायला काढल्यावर खरेदीदाराच्या वकिलाने प्रश्न केल्यावर, आणि आग लागल्यावर. यांतल्या शेवटच्या प्रसंगी विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच असतो की तळघरात स्वतंत्र बिऱ्हाड राहते हे आम्हाला कळवले होते का. घरविक्रीच्या जाहिरातींत ‘इल्लीगल सुइट’ असे सरळ छापलेले आपण पाहिले असेल. तेवढे लिहून विकणारा मोकळा होतो, जबाबदारी मात्र घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. आपण आज त्याच घेणाऱ्याच्या जागी आहात.

आता नियमांची पार्श्वभूमी. कॅलगरीत २०१८ पर्यंत केवळ एका कुटुंबासाठी राखलेल्या विभागांत सुइट हवे असेल तर घरमालकाला जमिनीचा वापर बदलून मागावा लागे, आणि तो अर्ज थेट नगर परिषदेच्या जाहीर सुनावणीत जाई. आपल्या म्हाताऱ्या आईसाठी तळघरात स्वयंपाकघर करू द्या, एवढ्यासाठी माणसे भर सभेत उभी राहून घरातल्या गोष्टी सांगत. मार्च २०१८मध्ये, नाहीद नेन्शी महापौर असताना, परिषदेने ही पद्धत मोडीत काढून हे अर्ज प्रशासनाकडे सोपवले. त्याबरोबर सुइटची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली. तपासणी पूर्ण झालेल्या सुइटला दारावर लावायचा स्टिकर मिळतो आणि पत्ता टाकून कोणालाही ते नोंदलेले आहे की नाही हे इंटरनेटवर पाहता येते. चांगला भाडेकरू हल्ली हे पाहूनच येतो. जुनी बेकायदा सुइट उजेडात यावीत म्हणून शहराने काही शुल्क माफ करणारी सवलतही तेव्हापासून दिली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली. अर्जाच्या दिवशी ती चालू आहे का, हे अवश्य विचारावे.

मे २०२४मध्ये परिषदेने शहरभरातल्या निवासी जमिनींचा वापर एकदम बदलला. हा बदल ऑगस्ट २०२४पासून लागू झाला आणि त्यातून एकाच भूखंडावर तळघरातले सुइट आणि अंगणातले सुइट अशी दोन्ही बांधण्याची वाट मोकळी झाली. या निर्णयावरून मोठे वादंग झाले आणि २०२५च्या शहर निवडणुकीत तो गाजलाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कोणी तरी सांगितलेल्या नियमावर विसंबू नये. शहराच्या नकाशावर आपला पत्ता टाकून आज त्या जमिनीवर कोणता विभाग लागू आहे हे पाहावे आणि त्या पानाची प्रत दिनांकासह जपून ठेवावी. तळघरातल्या सुइटला या राजकारणाची झळ कमी बसते. अंगणातल्या सुइटला आणि एकाच जागेवर दोन्ही करण्याच्या बेताला ती अधिक बसू शकते.

याच टप्प्यावर आणखी एक कागद मागवावा, जो बहुतेक जण मागवत नाहीत: आल्बर्टाच्या जमीन नोंदणी कार्यालयातून घराच्या मालकीपत्राचा उतारा आणि त्यावर नोंदलेली सर्व कॅव्हिएट, म्हणजे इतरांच्या दाव्यांच्या आणि अटींच्या नोंदी. काही जुन्या वसाहतींत मूळ विकासकाने ‘या भूखंडावर एकच राहते घर’ अशी अट मालकीपत्रावर घालून ठेवली आहे. शहराचा परवाना मिळाला म्हणून ही अट रद्द होत नाही. शहर ती अमलात आणत नाही, परंतु त्याच अटीने बांधलेला शेजारी तिच्या आधारे न्यायालयात जाऊ शकतो. अशी अट निघाली तर नकाशाकाराआधी वकिलाला भेटावे.

यानंतर आपल्या तळघराचे वय काढावे. आल्बर्टाच्या बांधकाम संहितेत सेकंडरी सुइटसाठी खास तरतुदी आल्या त्या २००६च्या सुमारास, आणि ३१ डिसेंबर २००६पूर्वी अस्तित्वात असलेल्या सुइटकडे पाहण्याची फूटपट्टी त्यानंतरच्या सुइटपेक्षा वेगळी आहे. जुन्या सुइटला काही बाबतींत, विशेषतः वरच्या घराशी सामायिक असलेल्या फर्नेसबाबत, सवलत मिळू शकते. सुटकेची खिडकी आणि धुराचे अलार्म यांत ती धरून चालू नये. मात्र ‘आधीचा मालक म्हणत होता, फार जुने आहे’ एवढ्यावर हे सिद्ध होत नाही. पुरावे घरातच असतात. कमोडच्या टाकीचे झाकण उचलून आत पाहिले तर चिनी मातीत उत्पादनाची तारीख उमटवलेली बहुधा सापडते. दुहेरी काचेच्या खिडकीत दोन काचांमधल्या धातूच्या पट्टीवर वर्ष कोरलेले असते. प्लॅस्टिकच्या सांडपाण्याच्या नळावर आणि वायरच्या वेष्टनावर छपाई असते. कमोडवर २०११ आणि ओट्यामागच्या वायरवर त्याच काळातली छपाई निघाली, तर जुन्या सुइटचा दावा तिथेच संपतो आणि आजच्या नियमांप्रमाणे काम करायचे हे ठरते. मला विचाराल तर दावा टिकत असला तरी फर्नेस वेगळी करूनच घ्यावी, त्याचे कारण पुढे येईल.

आता खिडकी. झोपायच्या प्रत्येक खोलीला एक अशी खिडकी हवी जी आतून किल्ली, अवजार किंवा खास माहिती यांच्याशिवाय उघडेल आणि उघडल्यावर किमान ०.३५ चौरस मीटर मोकळी जागा देईल. या मोकळ्या जागेची कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. इथे बहुतेकांचा घोळ होतो, कारण ३८० ही संख्या लक्षात राहते आणि ०.३५ विसरली जाते. एक बाजू ३८० धरली तर दुसरी साधारण ९२१ मिलिमीटर लागते. दोन्ही बाजू ३८० असलेली खिडकी निम्म्याहून कितीतरी कमी भरते. दुसरा घोळ सरकत्या खिडकीचा. दुकानात १२०० बाय ७०० मिलिमीटरची सरकती खिडकी भरपूर मोठी दिसते. परंतु तिचे एक तावदान दुसऱ्यावर सरकते, म्हणजे उघडते ती अर्धीच. चौकट वजा जाता समजा ५५० बाय ६३० मोकळे मिळाले, तर गुणाकार ०.३४६५ येतो आणि खिडकी साडेतीन हजार चौरस मिलिमीटरने, म्हणजे साधारण दोन आगपेट्यांएवढ्या जागेने, नापास होते. तेवढ्याच भोकात दारासारखी बाजूला उघडणारी खिडकी बसवली तर ती सहज पास होते. म्हणून विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून ‘उघडल्यावर मोकळी मिळणारी रुंदी आणि उंची’ लेखी घ्यावी.

आपल्या काळातल्या घरांच्या तळघरातल्या खिडक्या बहुधा रुंद पण बुटक्या असतात आणि छताला लागून, जमिनीच्या जेमतेम वर असतात. ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. खिडकीची रुंदी तीच ठेवून काँक्रीटची भिंत फक्त खालच्या दिशेने कापली, तर खिडकीवरून जाणारा भार होता तसाच राहतो. रुंदी वाढवली की वरच्या तुळईचा, पर्यायाने अभियंत्याच्या सहीचा, प्रश्न उभा राहतो. त्यामुळे शक्य असेल तिथे मी खाली जाण्याचाच आराखडा देतो. खिडकीचा तळ जमिनीखाली गेला की बाहेर खड्डा, म्हणजे विंडो वेल, आलाच. खिडकीसमोर त्यात किमान ७६० मिलिमीटर मोकळी जागा लागते, आणि खिडकीचे दार बाहेर उघडत असेल तर ते उघडे असतानाही माणूस बाहेर निघू शकेल अशी रचना लागते. या खड्ड्याच्या तळाशी खडी घालून त्यातले पाणी पायाशेजारच्या निचरा-नळापर्यंत नेले नाही, तर जूनच्या एका वळवाच्या पावसात झोपायच्या खोलीत पाणी शिरते. खड्डा खणण्यापूर्वी गॅस आणि विजेच्या पुरलेल्या तारा-नळ्यांची खूण करून देणारी मोफत सेवा बोलवावी. मागे-पुढे न पाहता कुदळ मारणारे कंत्राटदार आजही भेटतात.

उंचीचा नियम सोपा आहे, पण त्याला पर्याय नाही. सुइटमध्ये छताखाली १.९५ मीटर आणि तुळया व डक्ट (हवा वाहून नेणारे पत्र्याचे नळ) यांखाली १.८५ मीटर उंची मोकळी लागते. जुन्या एकमजली घरात तुळयांखाली ही उंची बहुतेक मिळते. फसते ते मध्यभागातून जाणाऱ्या मोठ्या डक्टखाली, आणि तेही छताला नवे ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) लागल्यानंतर. मोजताना आजच्या उंचीतून छताचा नवा थर आणि फरशीचा नवा थर दोन्ही वजा करावेत. डक्ट हलवता येते. पायाच कमी खोल असेल तर मात्र पाया खाली उतरवण्याचा खर्च ऐकूनच लोक बेत सोडतात, आणि ते योग्यच आहे.

फर्नेसचा मुद्दा लोकांना सर्वांत अन्यायकारक वाटतो, कारण चालू फर्नेस घरात असताना दुसरी उष्णतेची व्यवस्था करायला सांगितले जाते. यामागचे कारण स्वयंपाकघरात उभे राहून कळते. एकच फर्नेस असली की तळघरातली हवा परतीच्या डक्टने खेचली जाते, तापवली जाते आणि वरच्या बेडरूममध्ये सोडली जाते. खाली मोहरी-हिंगाची फोडणी पडली की काही मिनिटांत वरच्या मजल्यावर खोकला सुरू होतो. रात्री दोन वाजता त्याच वाटेने फोडणीऐवजी धूर आला तर झोपलेल्या माणसाला तो दरवाजाखालून नव्हे, उशाजवळच्या जाळीतून मिळतो. म्हणून नव्या सुइटला स्वतंत्र उष्णता आणि स्वतंत्र वायुवीजन लागते आणि दोन बिऱ्हाडांमधून एकही डक्ट सामायिक जाऊ शकत नाही. जुनी फर्नेस वरच्या घराला ठेवून तळघरातल्या तिच्या शाखा कापून बंद कराव्यात, आणि खाली दुसरी लहान फर्नेस किंवा विजेचे बेसबोर्ड हीटर बसवावेत. बेसबोर्ड बसवायला स्वस्त, पण आल्बर्टात वीज गॅसपेक्षा महाग पडते आणि बिल भाड्यात धरले असेल तर ते मालकाच्याच खिशातून जाते. शिवाय बेसबोर्ड ताजी हवा देत नाही, त्यामुळे वायुवीजनाचे यंत्र वेगळे लागते. तळघर दीर्घकाळ वापरायचे असेल तर मी दुसऱ्या फर्नेसच्या बाजूने असतो.

दोन बिऱ्हाडांमधल्या छताला आणि भिंतींना, तसेच फर्नेसच्या खोलीला, किमान १२.७ मिलिमीटर जाडीच्या ड्रायवॉलचा धूर अडवणारा सलग पडदा लागतो. ‘सलग’ या शब्दावर तपासणीत जोर असतो. ड्रायवॉलचे सांधे टेप लावून भरलेले हवेत, आणि नळ, वायर, दिव्यांचे डबे जिथून आरपार जातात तिथली फट बुजवलेली हवी. टांगत्या जाळीचे फोम-पट्ट्यांचे छत, जे आपल्या तळघरात असण्याची बरीच शक्यता आहे, या कामी चालत नाही. दोन बिऱ्हाडांमध्ये किंवा सामायिक जिन्यात उघडणारे दार भरीव आणि आपोआप बंद होणारे लागते. धुराचे अलार्म विजेच्या तारेवर, वरखाली दोन्हीकडचे एकमेकांना जोडलेले असावेत, म्हणजे खाली वाजला की वरही वाजेल. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीत किंवा तिच्या दारापासून ५ मीटरच्या आत असावा. आवाज अडवण्यासाठी तुळयांमध्ये खनिज लोकर भरून आणि ड्रायवॉल लवचीक धातुपट्ट्यांवर टांगून काम भागते. छत उघडलेच असेल तर यात कंजुषी करू नये, कारण भाडेकरू सोडून जाण्याचे कारण विचारले तर वरच्यांच्या पावलांचा आवाज हे उत्तर वारंवार येते.

आपल्या बाबतीत काम आधीच झालेले आहे, याचा लाभ कमी आणि तोटा जास्त आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. भिंतीआड काय आहे हे पाहिल्याशिवाय इन्स्पेक्टर सही करत नाही, त्यामुळे न्हाणीघराची, ओट्यामागची आणि नव्या वायरिंगची भिंत काही ठिकाणी उघडावी लागेल. ती उघडण्यापूर्वी, घर १९९०च्या आधीचे असल्याने, ड्रायवॉलचा मसाला, जुन्या फरशीचे तुकडे आणि छतावरचा खरखरीत लेप यांचे नमुने ॲस्बेस्टॉससाठी प्रयोगशाळेत पाठवावेत. हा खर्च किरकोळ आहे. न पाठवता हातोडा चालवला आणि धूळ फर्नेसने घरभर पसरवली, तर साफसफाईचा खर्च किरकोळ राहत नाही. याच दरम्यान रेडॉनचे मापक तळघरात ठेवून द्यावे. कॅलगरीच्या परिसरात जमिनीतून येणाऱ्या या किरणोत्सारी वायूचे प्रमाण बऱ्याच घरांत जास्त आढळते. हेल्थ कॅनडाची मर्यादा दर घनमीटरला २०० बेकरेल आहे आणि विश्वासार्ह मोजमापाला हिवाळ्यातले किमान तीन महिने लागतात. परवान्यासाठी हे कोणी मागत नाही. पण आपण तिथे कोणाला तरी रोज आठ तास झोपायला पाठवणार आहात आणि फरशी उघडी असताना हा वायू बाहेर नेणारा नळ टाकणे हे नंतर टाकण्यापेक्षा खूप सोपे आहे. सांडपाणी उलटे येऊ नये म्हणून झडपही याच वेळी बसवावी.

परवान्यांचा क्रम असा असतो: विकास परवाना लागतो की नाही हे विभाग आणि आपण मागत असलेल्या सवलतींवरून ठरते, बांधकाम परवाना लागतोच, आणि त्याखाली वीज, नळकाम व गॅस-उष्णता यांचे वेगळे परवाने येतात. पार्किंगची जागा आणि खालच्या बिऱ्हाडासाठी बाहेर बसण्याची थोडी जागा नकाशात दाखवावी लागते. पार्किंगबाबत सीट्रेनच्या (शहरातल्या लोकल रेल्वेच्या) स्थानकाजवळच्या घरांना सवलत मिळू शकते, म्हणून स्थानकापासूनचे अंतर मोजून ठेवावे. अर्ज परत येण्याचे सर्वांत सामान्य कारण अपुरा नकाशा हेच असते: खिडकीचे माप नाही, डक्टखालची उंची नाही, फर्नेसची खोली ‘स्टोअर’ म्हणून दाखवलेली. आहे ते आहे तसे काढून पाठवले तर प्रश्न कमी येतात. तपासणीचा अधिकारी आपला शत्रू नाही आणि जुने काम स्वतःहून उघड करणाऱ्याशी तो बरा वागतो, हा माझा अनुभव आहे.

आता मागचे अंगण. बॅकयार्ड सुइटचे आकर्षण मला समजते: उजेड, स्वतंत्र दार, डोक्यावर कोणाची पावले नाहीत. पण ‘गॅरेज आहेच, त्यावर दोन खोल्या चढवू’ हा हिशेब जवळजवळ कधीच जमत नाही. जुने सुटे गॅरेज साधारणपणे जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर उभे असते. कॅलगरीच्या थंडीत राहत्या इमारतीचा पाया जमीन गोठते त्याखाली, म्हणजे सुमारे १.२ मीटर खोल, न्यावा लागतो. त्यामुळे गॅरेज पाडून सुरुवात होते. दुसरा खर्च डोळ्यांना दिसत नाही तो पाण्याचा आणि सांडपाण्याचा. शहराच्या मुख्य नळवाहिन्या बहुतेक ठिकाणी समोरच्या रस्त्याखाली असतात, सुइट मात्र मागच्या गल्लीशी असते. म्हणजे घराच्या बाजूच्या अरुंद पट्टीतून, गॅसचा मीटर आणि शेजाऱ्याचे कुंपण सांभाळत, गोठणखोलीच्या खाली पूर्ण भूखंडभर चर खणावा लागतो. घराची वीजजोडणी १०० अँपिअरची असेल तर तीही वाढवावी लागण्याची शक्यता दाट. कुंपणापासून १.२ मीटरच्या आत येणाऱ्या भिंतीला आग रोखणारी रचना लागते आणि त्या भिंतीत साधी खिडकी ठेवता येत नाही, त्यामुळे अरुंद भूखंडावर आराखड्याचा उजेडच हरवतो. हे सगळे करून उभे राहिलेले सुइट सामान्यतः वेगळे विकता येत नाही. तळघराच्या कित्येक पट पैसा घालायचा असेल तर त्यामागे ठोस कारण हवे.

असे कारण आपल्याकडे असू शकते: आई-वडिलांचे गुडघे. सुपर व्हिसावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते, आणि नागपूरच्या उन्हाला सरावलेल्या माणसाला डिसेंबरात साडेचार वाजता काळोख पडणाऱ्या शहरात जमिनीखालच्या खोलीत, तेरा-चौदा पायऱ्या उतरून ठेवणे हे परवान्यात बसले तरी मला पटत नाही. त्यावर गॅरेजच्या वरचे सुइट हा उपाय नाही, कारण तिथेही जिनाच आहे, बहुधा बाहेरचा आणि बर्फाळ, आणि मागच्या गल्ल्यांतला बर्फ शहर सहसा काढत नाही. जमिनीलगतचे एकमजली बॅकयार्ड सुइट हा खरा पर्याय आहे, पण मग गाडी ठेवायची कुठे हा प्रश्न येतो. आपले घर एकमजली आहे हे आपण विसरत आहात, असे मला वाटते. आई-बाबांना तळघरावरच्या मुख्य मजल्यावरची, न्हाणीघराशेजारची खोली द्यावी आणि खालचे सुइट भाड्याने द्यावे, किंवा आपण दोघांनी आपली झोपण्याची आणि कामाची जागा खाली हलवावी. कागदावर ‘आई-बाबांसाठी सुइट’ म्हणून काढलेल्या नकाशाचा प्रत्यक्ष वापर असा झाल्याची घरे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यात सगळे सुखी असतात.

पैशांबाबत तीन गोष्टी माहीत असाव्यात. १५ जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारने सुइट बांधण्यासाठी विमासंरक्षित गृहकर्जाचे पुनर्वित्तीकरण (रीफायनान्स) घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत करण्याची मुभा दिली आहे, मात्र सुइट अल्पमुदतीच्या पर्यटक-भाड्यासाठी वापरायचे नाही ही अट आहे. दुसरी गोष्ट, ६५ वर्षे पूर्ण केलेल्या आई-वडिलांसाठी घरात स्वतंत्र बिऱ्हाड करण्याच्या ५० हजार डॉलरपर्यंतच्या खर्चावर २०२३पासून केंद्रीय आयकरात परतावा मिळतो. यात आपल्याला उपयोगी बारकावा असा की पूर्वी राहती पण स्थानिक नियमांत न बसणारी जागा नियमांत बसवली तरी ती पात्र ठरू शकते, परंतु परवाने घेतलेले असले पाहिजेत. व्यक्तीमागे ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते. सुपर व्हिसावर येऊन-जाऊन राहणाऱ्या पालकांसाठी ती लागू करायची असेल तर काम सुरू करण्याआधी कर-सल्लागाराकडून लेखी मत घ्यावे. तिसरी गोष्ट अप्रिय आहे. घराचा भाग रचनात्मक बदल करून भाड्याने दिला, की करखात्याच्या दृष्टीने त्या भागाचा वापर बदलतो आणि पुढे घर विकताना त्या भागावरची राहत्या घराची करमाफी अडचणीत येऊ शकते. २०१९पासून अशा अंशतः बदलासाठीही एक निवड-अर्ज भरून हा परिणाम पुढे ढकलता येतो. मात्र भाड्याच्या उत्पन्नातून इमारतीचा घसारा वजा केला तर हा मार्ग बंद होतो. पहिल्याच वर्षी चार डॉलर वाचवायला घसारा घेऊ नये, हा माझा ठाम सल्ला आहे.

भाडेकरू ठेवताना आल्बर्टाचा भाडेकायदा लागू होतो. अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवावी लागते. जागा देताना आणि परत घेताना दोघांच्या सह्यांचा पाहणी-अहवाल करावा लागतो. तो केला नाही तर मोडतोडीसाठी अनामतीतून एक डॉलरही कापता येत नाही. भाडे किती वाढवावे यावर मर्यादा नाही, पण वर्षातून एकदाच वाढवता येते. आई-बाबा सहा महिन्यांनी येणार असतील तर भाडेकरार ठराविक मुदतीचाच करावा. महिन्या-महिन्याने चालणारा करार मालकाला हवा तेव्हा संपवता येत नाही, आणि ‘माझे आई-वडील येत आहेत’ हे कारण चालत असले तरी त्याची पूर्वसूचना बरीच आधी आणि लेखी द्यावी लागते.

क्रमाने सांगायचे तर या आठवड्यात मालकीपत्राचा उतारा मागवावा, कमोडचे झाकण उचलून तारीख पाहावी, आणि टेप घेऊन डक्टखालची उंची व खिडक्यांची उघडी मापे घ्यावीत. ती मापे आणि फर्नेसच्या खोलीची चार छायाचित्रे मिळाली की तळघर जमेल की नाही हे कोणीही अनुभवी नकाशाकार तासाभरात सांगेल. काँक्रीट कापण्याचे आणि विंडो वेल खणण्याचे काम जमीन गोठण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबर संपायच्या आत, व्हायला हवे, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात खाली कोणी राहावे अशी इच्छा असेल तर परवान्याचा अर्ज वसंत ऋतूतच गेला पाहिजे.